घोडीच्या केसांची माशी

सारंगखेडा
९ जानेवारी २०२५

ललित,

नावापुढे 'दादा' लावलेलं नाही. घाईत राहिलं असं समजू नकोस.

काल तुझी आई आली होती. भिंतीला भिंत लागून घर, पण रंजनाकाकू हल्ली आत येत नाहीत, उंबऱ्यापाशीच उभ्या राहतात. म्हणाल्या, "ललितनी पेटी तुन्हाकडे राही गयी म्हने. कुरियर करी दे ना वं माय." मी म्हटलं, "पेटी शे काकू. कुलूपमा शे." त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना सगळं माहीत आहे.

पत्र अशासाठी की फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि विसरून जातोस. कागद निदान फाडावा तरी लागतो. आणि मुद्दाम शाळेतल्या मराठीत लिहितेय. आपल्या अहिराणीत तुझ्यावरचा राग माझ्याच्याने दोन ओळींच्या वर टिकत नाही.

तुला विसर पडला असेल, म्हणून पुन्हा सांगते. मोगरी जन्मली तेव्हा आप्पांनी दत्ताला नवस बोलून मानता केली होती. या घोडीच्या शेपटीला कात्री लावणार नाही, शेपूट जमिनीला टेकली की देवळाला फेरी घालीन आणि मगच घोड्यांच्या मेळ्याच्या मैदानात उतरवीन. पाच वर्षं त्यांनी ती शेपूट पोरीच्या केसांसारखी विंचरली. आषाढात आप्पा गेले. शेपूट दिवाळीत टेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला देवळात नेणार होते, आणि तू दुपारी, मी कापूस वेचायला शेतात गेलेली असताना, मुठीत मावेल एवढा झुपका मुळापासून कापलास. मी आले तेव्हा तू ओट्यावर बसून तेच केस मासे धरायच्या गळाला बांधत होतास. वर म्हणालास, "केसच आहेत दामू, वाढतील."

मी ओरडले तेव्हा तू केस खिशात कोंबून गाडीत बसलास आणि पेटी ओट्यावर राहिली. पुण्याला पोचल्यावर आठवली असेल.

तरी मी मोगरीला मैदानात नेली. आप्पांचा शब्द होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "शेपूटले काय व्हयनं?" काकूंनी आदल्या रात्री माझ्यापुढे हात जोडले होते, "घरनी गोट घरमा ऱ्हाऊ दे." मी गप्प राहिले. देखण्या घोड्यांच्या स्पर्धेत पंच तिच्या मागे गेला आणि हातानेच सांगितलं, परत न्या. संध्याकाळपर्यंत मैदानभर झालं होतं की मगनभाऊच्या पोरीने, म्हणजे मी, बाप मरून सहा महिने झाले नाहीत तोच मानतेचे केस विकले.

पेटी मिळणार नाही.

दामिनी

*

२ फेब्रुवारी २०२५

ललित,

पेटी उघडली. कुलूप माझंच होतं.

तुझा तो छोटा शिकंजा, टेबलाला लावून गळ घट्ट धरणारा, तू नर्मदेवर मासे धरायला नेतोस त्यांतल्या एका म्हाताऱ्या परदेशी पाहुण्याने जाताना दिलेला. तसा दुसरा मिळत नाही, हे तू इतक्यांदा सांगितलं आहेस की मलाही त्याचा अभिमान वाटायला लागला होता. बारीक गळ, दोऱ्याची रिळं, पिसं, लाखेची बाटली, तुझी वही. आणि ती कात्री. तिच्या पात्यांत मोगरीचा एक केस अडकला होता. तो काढून मी आप्पांच्या फोटोच्या चौकटीत खोचला आहे.

तू ओट्यावर बसून मला समजावायचास ते आठवतं. गळावर केस, पिसं, दोरा असा बांधायचा की माशाला वाटावं हा किडा आहे, नाही तर छोटा मासा आहे. तुम्ही त्याला फ्लाय म्हणता. मी माशी म्हणते. आपल्या घरात मासा शिजत नाही, तू धरतोस आणि सोडून देतोस, म्हणून काकूंच्या मते तुला पापही लागत नाही. मी एकदा म्हटलं होतं, मला शिकव. तू माझी बोटं धरून पाहुण्यांना दाखवलीस आणि म्हणालास, "ही कापूस वेचायची बोटं. नाजूक कामाची नाहीत." सगळे हसले. मीही हसले होते, त्याचा मला अजून राग आहे.

आता मी शिकतेय. शिकवणारा तूच आहेस. मोबाईलवर तुझे सत्तावीस व्हिडिओ आहेत. मी तुला शिकंज्यासमोर बसवते आणि तुझी बडबड ऐकते. चारचौघांत तुला मान देणारी एकच गोष्ट तुझ्यापाशी आहे. ती मला तुझ्याहून चांगली आली पाहिजे. पुढचं पुढे.

पहिली माशी सोबत पाठवतेय. गळ दोनदा बोटात गेला. दोरा तीनदा तुटला, कारण मी तो पोत्याचं तोंड शिवल्यासारखा ओढत होते. दोरा गुंडाळत गुंडाळत मी गळाच्या छिद्रावर कधी गेले ते कळलंच नाही. छिद्र बुजलं, आता त्यातून दोरी ओवताच येत नाही. बिनकामाची माशी आहे. लिफाफ्यात हात जपून घाल. नाही जपलास तरी चालेल.

दामिनी

*

२३ मार्च २०२५

ललित,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. "पोरकटपणा पुरे. वस्तू नाजूक आहेत. हात लावू नकोस." दुखलं का? दुखावं म्हणूनच लिहिलं होतं.

एव्हाना चाळीसेक बांधल्या असतील. ब्लेडने सोडवायच्या, गळ पुसायचे, पुन्हा बांधायच्या. तू सतराव्या व्हिडिओत सांगतोस ते मला फार उशिरा समजलं. नवशिक्याला वाटतं पुढे भरपूर जागा आहे, म्हणून तो पिसं लावत सुटतो आणि शेवटची गाठ मारायला जागाच उरत नाही. आधी छिद्रापाशी थोडी जागा सोडायची आणि ती शेवटपर्यंत राखायची. किती चांगलं सांगतोस रे तू. ऐकताना वाटतं, हा माणूस कुणाचं काही न विचारता घेणार नाही.

पिसं संपली म्हणून धडगावला गेले. शहाद्याहून जीप, घाटात जीपमधल्या दोन बायकांना उलट्या. तुझ्या वहीत करणसिंगचा नंबर होता, नर्मदेच्या पाण्यावर तुम्हाला नावेतून फिरवतो तो. त्याच्या बायकोने, कालीबाईने, होळीला कापलेल्या कोंबड्याच्या मानेची पिसं पुडीत बांधून ठेवली होती. तांबडी, काठाला काळी. पैसे घेईना. तिच्या पोरीसाठी मी फ्रॉक शिवून पाठवायचं कबूल केलं.

करणसिंगला काही केल्या उलगडा होईना. "बाई, तुम्ही मासा खात नाही. धरतही नाही. मग बांधता कशासाठी?"

"एकाला दाखवायचंय," मी म्हटलं.

पिसं धुऊन झोपाळ्यावर वाळत घातली, तर काकू किंचाळल्या. गुजराच्या घरात कोंबडं! मी म्हटलं, "काकू, ललितनी पेटीमा तर कितला दिवसथून शे." त्या आत गेल्या आणि दार लावलं. दोन दिवस ते उघडलं नाही. त्याचं मला बरं वाटलं नाही, पण फार वाईटही वाटलं नाही.

सोबतची माशी पाण्यात तरंगते. मी बादलीत पाहिली.

दामिनी

*

२० जून २०२५

ललित,

तुझा नवा व्हिडिओ पाहिला. 'सारंगखेड्याच्या पांढऱ्या घोडीची माशी.' पांढऱ्या केसांची, चांदीच्या छोट्या माशासारखी दिसणारी. मागे मोगरीचा फोटो. तो दिवाळीतला आहे, शेपूट जमिनीला टेकलेली. कापलेल्या शेपटीचा फोटो तुला मिळाला नसेल. मागितला असतास तर पाठवला असता.

"माझ्या घरच्या घोडीचे केस," म्हणतोस. माझ्या घरच्या. पावसाळा सरला की बारा पाहुणे घेऊन नर्मदेवर जाणार, सगळ्यांना हीच माशी देणार, असंही म्हणतोस. ते मी चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

मग मीही पांढरी माशी बांधायला घेतली. मोगरीचे केस कापले नाहीत. खरारा करताना निघतात तेवढे साठवले. बांधली. खरं सांगते, तुझ्याहून देखणी झाली. घोड्यांचे लगाम आणि गोंडे करतात ते धुडकूबाबा मोगरीच्या तोंडावरची नवी मोरखी द्यायला आले होते, त्यांना दाखवली. त्यांनी माशी उजेडात धरली, एक केस उपटून दोन बोटांत ताणला आणि हसले. मग एक गोष्ट सांगितली.

ती गोष्ट केसांचं काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असते म्हणे. मला नव्हती, कारण आप्पांनी घोड्याच्या केसांना कधी हात लावू दिला नाही. तुलाही ठाऊक नाही, हे व्हिडिओवरून दिसतंच आहे. सारंगखेड्यात जन्मलेला, सगळ्या जगाला केस कसे बांधायचे ते शिकवतो, आणि धुडकूबाबाच्या ओट्यावर एकदा बसला नाही.

ही गोष्ट पत्रातून सांगणार नाही. फोनवरही नाही. इथे ये, मोगरीपुढे उभा राहा आणि विचार. विचारलंस तर लगेच सांगेन, आप्पांची शपथ. चार महिने आहेत तुझ्याकडे.

दामिनी

*

२७ ऑक्टोबर २०२५

ललित,

तू आला नाहीस. विचारलं नाहीस.

दहा दिवसांपूर्वी करणसिंगचा फोन आला. म्हणाला, "बाई, ललितभाऊच्या माशा टकल्या झाल्या." पहिल्या तासात एकाची, मग दुसऱ्याची, दुपारपर्यंत बाराही जणांच्या. चार वेळा पाण्यात फेकली की केस मधूनच तुटायचे आणि दोरीला नुसता उघडा गळ लोंबायचा. एक मोठा महसीर मासा अगदी नावेपाशी आला, गळाकडे पाहिलं आणि मान फिरवून गेला म्हणे. पाहुणे आधी हसले. मग हसायचे थांबले.

आता सांगते. धुडकूबाबांचे शब्द असे होते: "घोडीना बाल नको वं माय. घोडी मुतस तवय शेपूटले लागस. बाल कुजस, तुटी जास. काम कराना व्हई त घोडाना बाल ले." एवढंच. घोडीचे केस कच्चे असतात. गोंडा करणारासुद्धा ते घेत नाही. तू दत्ताची मानता मोडलीस, आप्पांची पाच वर्षं कापलीस, ती ज्या केसांसाठी, ते केस तुझ्या कामाचेच नव्हते.

ऐकून मी मोगरीच्या गळ्यात पडून हसले. मग रडले. तुझ्या फजितीचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. करणसिंगचं वाटलं. पाहुणे दोन दिवस आधीच उठून गेले आणि त्याची नाव रिकामी परत आली. तो मला काहीच बोलला नाही, त्याला काय माहीत की मला जूनपासून ठाऊक होतं. मी त्याला माझ्या वीस माशा पाठवल्या, धुडकूबाबांच्या पांढऱ्या घोड्याच्या केसांच्या. काल त्याचा फोन होता. त्या टिकल्या. एका माशीवर तीन मासे आले तरी एक केस हलला नाही, म्हणाला. कापूस वेचायची बोटं आहेत, ललित. गाठ सुटत नाही.

आणि काल तुझाही फोन. आयुष्यात पहिल्यांदा तू मला "ताई" म्हणालास. मी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. शिकंजा हवा, त्याशिवाय तुझा हात चालत नाही, पाहुण्यांना नव्याने माशा करून द्यायच्या आहेत, नाही तर पुन्हा कुणी येणार नाही.

ठीक आहे. पेटी देते, एका अटीवर.

डिसेंबरात मेळा आहे. मी मोगरीला मैदानात नेणार. स्पर्धेसाठी नाही, नुसती उभी करणार. तू यायचंस. एक दिवस, सकाळी ऊन पडल्यापासून मावळेपर्यंत तिची दोरी हातात धरून उभं राहायचं. शेपटीला काय झालं, असं जो कुणी विचारेल त्याला खरं सांगायचं. "मी कापली. न विचारता कापली." गेल्या वर्षी मी पंधरा दिवस गप्प उभी होते. मी तुझ्याकडे एकच दिवस मागतेय.

काकूंना मी हे सांगितलं. त्या वर्षभरात पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आल्या, झोपाळ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "येऊ दे त्याले."

दामिनी

*

९ डिसेंबर २०२५

ललित,

वीट बाजूला काढून ठेव. पेटी हलकी लागू नये म्हणून घातली होती. तुझी कात्री तिच्याखाली आहे. ती मला घरात नको.

तू पुण्याला पोचल्यावरच पेटी उघडशील हे मला माहीत होतं. लोकांसमोर उघडून तपासायची तुला लाज वाटणार. म्हणून तू बाहेर ओट्यावर पेटीची वाट बघतोयस तोवर ही चिठ्ठी लिहून आत ठेवतेय.

सकाळी तू आलास तेव्हा पेटीत सगळं होतं. शिकंजा पुसून, तेल देऊन ठेवला होता. रिळं रंगाप्रमाणे लावली होती. वर माझ्या बारा माशा, घोड्याच्या केसांच्या, तुला भेट म्हणून. हे मी तुला मुद्दाम सांगतेय.

तू दोरी धरलीस. पहिला आला तो शिरपूरकडचा म्हातारा घोडेवाला. "शेपूटले काय व्हयनं रे भाऊ?" तू दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीस. मग म्हणालास, "मी कापी." त्याने कानांवर हात ठेवले आणि तुझ्याकडे न बघता निघून गेला. त्यानंतर कितीतरी आले. मारवाडातून आलेला एक जण तुला शिव्या देत उभा राहिला, तू ऐकून घेतल्यास. धुडकूबाबांनी तर चार माणसं बोलावून आणली, "हाई दखा, हाऊच तो." दुपारपर्यंत तुझी मान खाली गेली होती आणि मोगरीने तोंड तुझ्या खांद्यावर टेकवलं होतं. त्या घोडीला मान-अपमान काही कळत नाही. मला तिचा राग आला, आणि तुझी दयाही आली. काकू घरून तुझ्यासाठी डबा घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, काकू, आता पुरे झालं, चारला सोडते त्याला.

तीन वाजता तुझे पाहुणे आले. नर्मदेवरचे, पुण्याहून दोन गाड्या. मी कडब्याच्या पेंढ्यांमागे मोगरीसाठी बादली भरत होते. तुला वाटलं मी काकूंबरोबर घरी गेले. एका बाईने विचारलं, "अय्या, हिच्या शेपटीला काय झालं?"

तू म्हणालास, "माझ्या चुलत बहिणीने विकले केस. काका गेले, अडचण होती. बिचारी."

गेल्या वर्षी जे मैदान बोललं, अगदी तेच. सकाळपासून शंभर परक्या माणसांना तू खरं सांगितलंस, कारण ते तुला पुन्हा दिसणार नव्हते. आणि ज्यांच्यापुढे मान हवा होता, त्यांच्यापुढे मला उभी केलीस. "बिचारी" म्हणून.

मी बादली तिथेच ठेवली. घरी गेले आणि पेटी रिकामी केली. शिकंजा आता आप्पांच्या टेबलाला लागलेला आहे आणि तिथेच राहील.

मग परत मैदानात आले. तू गाडी वळवून आणायला गेला होतास तेवढ्यात तुझ्या पाहुण्यांना चहा दिला. प्रत्येकाच्या हातावर एकेक माशी ठेवली, तुला द्यायच्या होत्या त्याच बारा. धुडकूबाबांनी त्यांना घोडीच्या आणि घोड्याच्या केसांतला फरक नीट समजावून सांगितला. कुणी कापले तेही सांगितलं. ती बाई फार वेळ मोगरीच्या मागे उभी राहून बघत होती. परतीच्या वाटेत तुझ्याशी कुणी का बोललं नाही, ते तुला आता कळलं असेल.

काकूंनी मला विचारलं, पेटीत काय शे? मी सांगितलं, वीट. त्या पदर तोंडाला लावून बसल्या. तुला सांगायला बाहेर मात्र गेल्या नाहीत.

शेपूट टेकायला अजून तीन वर्षं लागतील. मी विंचरते आहे. टेकली की देवळाला फेरी मी घालीन, तुला बोलावणार नाही.

कात्रीखाली कागदाच्या पुडीत एक पांढरी माशी आहे. मोगरीच्याच केसांची, खराऱ्यात निघालेल्या. आजवर मी बांधलेल्या सगळ्यांत हीच सर्वांत देखणी झाली. छिद्रापाशी जागा सोडलेली आहे, गाठ पक्की आहे, वर लाख लावली आहे. कपाटात ठेव, लोकांना दाखव. पाण्यात मात्र घालू नकोस, झडेल. या वेळी आधीच सांगतेय.

दामिनी